येताना खिडकी बदलायची

जग पाहून आलेल्या माणसाला आधी काय लागतं, तर ऐकणारा. लॉन्ड्रीत त्याची ददात नसते. कपडे टाकायला आलेलं गिऱ्हाईक पावती हातात पडेपर्यंत जात नाही आणि न्यायला आलेलं गिऱ्हाईक आपला शर्ट सापडेपर्यंत हलत नाही. त्यामुळे थोरली आणि धाकटी अशा दोघी जावा जगाची फेरी करून आल्या, त्या दिवसापासून दुकानात वाफ कमी आणि बाता जास्त निघायला लागल्या.

ही सगळी करणी आतेसासूबाईंची. जाताना त्या दोघी सुनांसाठी पैसे ठेवून गेल्या आणि वर अट घातली: यातून भांडं नको, दागिना नको, मशीन तर नकोच, दोघींनी मिळून जग बघून यायचं. "नवऱ्यांना नेऊ नका," असंही बजावून ठेवलं होतं. "ते काही बघत नाहीत. जेवण कधी, एवढंच बघतात." नवऱ्यांनाही ते पटलं. थोरल्याचा जीव मशीनमध्ये, धाकट्याचा कपडे पोचवायच्या स्कूटरवर. दोघांनी मिळून बायकांना विमानतळावर सोडलं आणि परत येताना, खोटं कशाला सांगा, थोडे खूशच होते.

देशांची नावं थोरलीच्या जिभेवर बसेनात. मग गिऱ्हाइकांना ठेवते तशी तिने देशांनाही आपली नावं ठेवली. दुकानात कॉलरवाले काका होते, शाईवाले मास्तर होते, 'उद्याच पाहिजे'वाल्या बाई होत्या; तसा जगात एक गप्प देश झाला, एक दोऱ्यांचा देश झाला, एक पळत्या जिन्यांचा.

"गप्प देशात लिफ्टमध्ये माणसं अशी उभी राहतात, जणू आत्ताच कुणीतरी रागावलंय," ती इस्त्री फिरवता फिरवता सांगायची. "पण हिचा रुमाल पडला, तर एक बाप्या अख्खा फलाट धावत आला. रुमाल हातात दिला आणि गेला. एक शब्द नाही! आपला माणूस असता तर रुमाल दिला असता आणि 'सांभाळता येत नाही का' म्हणून वर दहा मिनिटं सुनावलं असतं."

"मला सुनावलेलं चाललं असतं," धाकटी म्हणायची. "निदान आभार तरी मानता आले असते."

पळत्या जिन्यांच्या देशाबद्दल थोरलीला एकच प्रश्न पडला होता, आणि तो तिने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारला. जिना स्वतः पळतोय, तर माणसं त्याच्यावर आणखी पळतात कशाला? आणि माणसंच पळणार होती, तर बिचाऱ्या जिन्याला कामाला का जुंपलं? कॉलरवाले काका म्हणाले, तिथे पगार बरा असेल.

एका हॉटेलात मात्र दोघींची फजिती झाली होती. चादरीला सुरकुती दिसली म्हणून दोघींनी अंथरूण काढून पुन्हा घातलं. सवय, दुसरं काय. तेवढ्यात खोल्या आवरणारी बाई आत आली. तिने चादरीचा कोपरा पाहिला, उचकटला, पुन्हा पाहिला, आणि बाहेर जाऊन आणखी दोघींना बोलावून आणलं. धाकटीला वाटलं, आता तक्रार होणार. पण त्या बायांना तो कोपरा शिकायचा होता. मग त्यांनी आपला कोपरा दाखवला, दोघींनी आपला दाखवला, आणि एकमेकींच्या भाषेतलं 'पाणी'सुद्धा माहीत नसताना पाच बायका एका पलंगाभोवती हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. जाताना त्यातल्या एकीने स्वतःची कंबर दाबून दाखवली. धाकटीनेही आपली दाबून दाखवली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते एवढ्याचसाठी.

इथपर्यंत दोघींचं जग एकच होतं. घोळ व्हायचा तो रस्त्यांवर आल्यावर.

"दोऱ्यांच्या देशात," थोरली रंगात यायची, "या खिडकीतून त्या खिडकीत कपडे वाळत घातलेले. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. दोरीवरून अख्खं घर वाचता येतं. इथे तान्हं बाळ आहे, तिथे कुणीतरी आजारी, रोज चादर बदलतायत..."

"कुठल्या दोऱ्या?" धाकटी मध्येच म्हणायची. "तिथे तर नुसते कारखाने होते. धुराडीच धुराडी."

"काहीतरी बोलू नकोस. मी जाताना पाहिल्या, येताना पाहिल्या."

"मीही जाताना पाहिली धुराडी आणि येतानाही पाहिली."

एकदा कॉलरवाले काका दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. "तुम्ही एकाच सहलीला गेला होता ना? की कंपनीने फसवलं?"

एकाच सहलीला गेल्या होत्या. पण या घराची एक शिस्त होती आणि ती त्यांनी बसमध्येही नेली होती. सासूबाईंच्या काळापासून या घरात दोघी सुनांचं सगळं आलटून पालटून चालायचं. एक आठवडा हिच्याकडे स्वयंपाक, पुढचा तिच्याकडे. कुणालाही जन्मभर वाईट बाजू नको आणि कुणालाही जन्मभर चांगली नको. सासूबाई गेल्या तरी शिस्त राहिली, कारण ती मोडायची म्हटलं तर आधी कुणी मोडायची यावरूनच भांडण झालं असतं.

तर बसमध्ये पहिल्याच दिवशी ठरलं: एकीने डावी खिडकी धरायची, एकीने उजवी. दोघी एकाच बाजूला बसल्या तर अर्धं जग वाया जाईल, आणि पैसे तर अख्ख्या जगाचे भरले होते. आपली खिडकी सोडायची नाही, पेंगायचं नाही, घरी गेल्यावर एकमेकींना सांगायचं. आणि येताना खिडकी बदलायची, म्हणजे कुणावर अन्याय नको. मध्ये दोन माणसं: थोरलीच्या शेजारी एक घोरणारे निवृत्त मास्तर, धाकटीच्या शेजारी अखंड खाणाऱ्या एक बाई. त्यांच्या पलीकडचं काही दिसायची सोय नव्हती. आणि घरी आल्यावर एकमेकींना सांगायचं ते राहूनच गेलं. गावाला सांगण्यातच दिवस जात होते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यातला एक रस्ता हसण्यावारी न्यायचा नव्हता.

थोरलीची मुलगी खारू. लहानपणी पुढचे दोन दात बाहेर आले म्हणून तिला सगळे खारूताई म्हणायला लागले. मोठी होऊन तिने कृत्रिम दात बनवायचा धंदा पत्करला, त्याला घरचे सूड म्हणायचे. हात विलक्षण चांगला. तिने बनवलेला दात तोंडात गेला की सख्ख्या बायकोला ओळखू येत नाही, असं तिचे मालकच सांगायचे. आता तिला परदेशातल्या एका शहरातून बोलावणं आलं होतं. सहल त्याच शहरावरून जाणार होती. तिथली लॅब ज्या रस्त्यावर होती, तो हॉटेलपासून बंदरापर्यंत जाणारा लांब, सरळ रस्ता होता आणि बस त्याच रस्त्याने जाऊन येणार होती.

"नीट बघून या," खारूने दोघींना सांगितलं होतं. "मला त्या रस्त्यावर राहायचंय. इंटरनेटवर सगळीकडेच ऊन असतं."

बघून आल्या. आणि थोरलीने जे पाहिलं ते असं: करड्या इमारतींची रांग, संपता संपत नाही अशी. प्रत्येक खिडकीत एक दिवा आणि एक माणूस, आणि तो माणूस एकटा जेवतोय. बसथांब्यावर लोक, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. मग एक कबरस्तान, इतकं नीटनेटकं की वाटावं, मेल्यावरच इथे माणसांची कुणीतरी काळजी घेतं.

धाकटीने पाहिलं ते असं: नदी, नदीकाठी बाग, सायकलवरून केस उडवत जाणाऱ्या मुली, फुलांची दुकानं. आणि एका इमारतीवर भला मोठा पांढरा दात.

"दात नव्हता तो," थोरली म्हणाली. "आइस्क्रीम असेल."

"मला दात आणि आइस्क्रीम कळत नाही?"

"मी दोन्ही वेळा लॅब शोधली. जाताना आणि येताना. नाहीच."

"मग आई, मी व्हिडिओवर मुलाखत कुणाला दिली? आइस्क्रीमवाल्याला?" खारू म्हणाली. पण ती हसली नाही.

हे शनिवारी चाललं होतं, जेवणाच्या टेबलाशी. सोमवारी संध्याकाळपर्यंत लॅबला होय की नाही ते कळवायचं होतं. थोरली पुन्हा त्या खिडक्या सांगायला लागली, ते एकटे जेवणारे सांगायला लागली. कुणाच्या ताटात दुसऱ्याचा हात जात नाही, असंही तिने सांगितलं. बसमधून ताट दिसतं का, हे कुणी विचारलं नाही. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही जरा जास्तच..." आणि गप्प बसली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. खारूच्या वेण्या, खारूचा अभ्यास, तापातली जागरणं, सगळं दोघींनी आलटून पालटून केलं होतं. तरीही अशा वेळी शेवटचा शब्द कुणाचा, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

खारूने ताट उचललं. "जाऊ दे. नाही म्हणते मी. सोमवारी कळवते."

थोरली लगेच म्हणाली, "बघ बाई, तुझं तू ठरव," आणि त्या रात्री पडल्या पडल्या झोपली.

सोमवार हा दुकानात जागा बदलायचा दिवस. इस्त्रीचं टेबल लांबलचक. त्याच्या एका अंगाला खण, दुसऱ्या अंगाला प्लग. एक आठवडा थोरली खणाच्या बाजूला उभी राहायची आणि धाकटी प्लगच्या, पुढच्या आठवड्यात उलट. एकीचं तोंड रस्त्याकडे, एकीचं भिंतीकडे. रस्त्याकडे तोंड म्हणजे गिऱ्हाईक, गप्पा, येणारी जाणारी माणसं. भिंतीकडे तोंड म्हणजे भिंत.

मागचा आठवडा थोरली खणाच्या बाजूला होती आणि भिंत बघत होती. त्यामुळे या सोमवारी ती ऐटीत प्लगच्या बाजूला जाऊन उभी राहिली, इस्त्री हातात घेतली, मान वर केली. समोर भिंत.

"हे काय गं?" ती म्हणाली. "मला परत भिंतच."

"अदलाबदल तर केली आपण," धाकटी पलीकडून म्हणाली. तिच्या तोंडावर रस्त्याचा उजेड होता. "तुम्ही प्लगला, मी खणाला."

"मग भिंत कशी आली?"

थोरलीचा नवरा मशीनमागून डोकं न काढता म्हणाला, "टेबल फिरवलंय काल मी. एक पाय डुगडुगत होता, तो नेमका मोरीच्या उतारावर यायचा. आता खण तिकडे गेला, प्लग इकडे आला."

"म्हणजे टेबलही फिरलं आणि आम्हीही फिरलो!" धाकटी खदखदून हसली. "म्हणजे कुणीच फिरलं नाही. ताई, या इकडे, हा आठवडा तुमचा."

पण थोरली जागची हलली नाही. इस्त्री तिने उभी करून ठेवली. भिंतीवर एक जुना ओलीचा डाग होता, त्याच्याकडे बघत राहिली. टेबलही फिरलं आणि आम्हीही फिरलो.

खळीचा डबा तिने पुढ्यात ओढला. डाग दाखवायचा खडू घेतला आणि डब्याच्या डाव्या अंगाला एक रेघ मारली. ही मी. बस हॉटेलातून निघाली. तिने डबा टेबलावरून पुढे सरकवला. रेघ भिंतीच्या बाजूला होती. बंदरावर बस वळली. तिने डबा वळवला. रेघ रस्त्याच्या बाजूला गेली. आता येताना दुसरी बाजू दिसायला हवी, सरळ आहे. पण येताना खिडकी बदलायची. तिने बोटाने ती रेघ पुसली आणि डब्याच्या उजव्या अंगाला मारली.

रेघ परत भिंतीकडे.

डबा मागे नेला, पुढे आणला, पुन्हा वळवला. डब्याला काय, तो शंभर वेळा तेच सांगायला तयार होता. अख्ख्या जगात, गेलेल्या रस्त्याने परत आल्या तिथे तिथे, तिने एकच बाजू दोनदा पाहिली होती. दोऱ्याच दोऱ्या. इमारतीच इमारती. आणि दोनदा पाहिली म्हणून छातीठोकपणे सांगत सुटली होती.

"काय करताय ताई डब्याशी?" धाकटीने विचारलं.

"खळ संपत आली का बघतेय," थोरली म्हणाली.

आता यात कुणाचं काय जात होतं? धाकटीला कळलेलं नव्हतं. खारूला कळायचं कारण नव्हतं. संध्याकाळी एक निरोप जाईल, विषय मिटेल, आणि पोरगी रोज रात्री दात घासत घासत आपल्याच घरात फिरेल. झाकली मूठ. थोरलीने शर्टामागून शर्ट दाबून काढले. एका कॉलरला चटका बसता बसता राहिला. खोटं तर मी बोललेच नाही, ती स्वतःला म्हणाली. इमारती होत्या. कबरस्तान होतं. मग तिला ते ताट आठवलं, ज्यात दुसऱ्याचा हात जात नव्हता, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुपारी तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. "येते जरा," म्हणाली, आणि कुठे ते न सांगता निघाली.

खारू काम करायची ती जागा म्हणजे एका दवाखान्यामागची खोली. सगळीकडे प्लास्टरची पांढरी पूड, फळीवर जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले, बिनचेहऱ्याची माणसं हसत बसल्यासारखे. खारू डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क लावून एका दाढेवर फिरती कानस चालवत होती. आईला बघून तिने ती थांबवली.

"काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"सगळे ठीक आहेत. कळवलंस का तू?"

"अजून नाही. ही दाढ झाली की."

थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. फळीवरचा एक साच्याचा डबा उचलला. "ही बस समज," म्हणाली.

तिने सगळं दाखवलं: जाताना, वळताना, खिडकी बदलताना. दाखवता दाखवता एकदा तिचाच गोंधळ झाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खारूने मास्क खाली ओढला. आधी तिला कळेना. मग कळलं, आणि ती इतकी हसली की टेबलावरची पूड उडून दोघींच्या केसांवर बसली.

"म्हणजे काकूचा दात दातच होता!"

"असणार. माझ्या बाजूला नव्हता, म्हणजे तिच्याच बाजूला."

"अख्खं जग हिंडून आलात आणि दोघी अर्धं अर्धं जग बघून आलात. तेही दोन दोनदा!" खारूने डोळे पुसले. मग हळूहळू तिचं हसू विरलं. "पण आई, मी त्या इमारतींना घाबरून नाही म्हणत नव्हते गं."

"मग?"

"तू जेव्हा सांगत होतीस ना, तेव्हा मी इमारतींकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते."

"मी तुला जाऊ नकोस असं एकदा तरी म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस कधी. तू वर्णन करतेस."

थोरली तिथल्या स्टुलावर बसली. बाहेर दवाखान्यात कुणाला तरी आत बोलावत होते. तिने पदराने तोंडावरची पूड पुसली. ती आणखी पसरली.

"बरं मग, ऐक," ती म्हणाली. "वर्णन नको, काही नको. मला तू जायला नको आहेस. तिथे नदी असो, बाग असो, रस्त्याला सोनं लावलेलं असो. नको म्हणजे नको. हे माझं. त्याला खिडकी कारण नाही आणि बस कारण नाही. आता हे बाजूला ठेव आणि तुझं काय ते सांग."

खारू दाढ बोटात फिरवत राहिली.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"मग जा."

"आई..."

"अगं, जा म्हटलं ना. एकदा नको म्हणून झालं माझं. रोज म्हणायला मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे?" तिने फोनकडे बोट दाखवलं. "आता कळव माझ्यासमोर. नाहीतर घरी जाईपर्यंत मला आणखी एखादं कबरस्तान आठवेल."

खारूने हात धुतले, फोन घेतला आणि कळवलं.

दुकानात ती परत आली तेव्हा धाकटी एकटीच होती. टेबलाशी रस्ता दिसणारी जागा तिने रिकामी करून ठेवली होती आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून चादरी दाबत होती. थोरलीने सगळं सांगितलं, डब्यासकट. धाकटीने इस्त्री उभी केली. आधी हसली, मग डोळे भरून आले, मग म्हणाली, "कळवलंसुद्धा? मला न विचारता?" आणि चादरीत तोंड घालून थोडा वेळ तशीच उभी राहिली. ती चादर नंतर पुन्हा दाबावी लागली.

थोरली तिच्यासमोर उभी राहिली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

"आता तुझ्या बाजूचं सांग," ती म्हणाली.

"कुठलं?"

"त्या रस्त्याचं. पोरगी तिथून रोज चालणार. मला अर्धाच रस्ता माहिती आहे. हॉटेलच्या फाटकापासून सुरू कर. आणि फुगवू नकोस."

धाकटीने नाक पुसलं आणि सुरू केलं. फाटकाबाहेर एक लाल टपालपेटी. मग नदी लागते, पाणी काही फार स्वच्छ नाही, खरं सांगायचं तर. पुलाखाली दोन होड्या बांधलेल्या. फुलांची दुकानं म्हणजे तशी दोनच, दुकानं म्हणण्यासारखं एक. मग तो दात. थोरली मध्ये मध्ये विचारत होती: फुटपाथ रुंद आहे का, दिवे आहेत का, दातापासून बसथांबा किती लांब. बसथांबा थोरलीच्याच बाजूला होता, ते तिने सांगितलं. दोघींनी चादरीवर बोटाने रस्ता ओलांडून तो जोडला.

"आणि बागेत बाक आहेत," धाकटी म्हणाली आणि थांबली. "एक गोष्ट मी खारूला सांगितली नाही."

"मला सांग."

"एका बाकावर एक मुलगी बसली होती. खारूच्याच वयाची. तिथली वाटत नव्हती, बाहेरून आलेली असावी. एकटीच. फोन हातात, आणि रडत होती. बस तिथेच सिग्नलला थांबली, म्हणून नीट दिसलं. सांगितलं असतं तर पोरगी गेली नसती. म्हणून मी सायकली सांगितल्या."

थोरलीने चादरीचा कोपरा धरला, सरळ केला, पुन्हा सरळ केला. धाकटीला वाटलं, आता बोलणी बसणार.

"येताना?" थोरली म्हणाली.

"काय येताना?"

"अगं, तू येतानाही तीच बाजू पाहिलीस ना? येताना होती का ती?"

धाकटी आठवायला लागली. डोळे मिटून, ओठ आवळून, नदीपासून पुन्हा निघाली. पूल, होड्या, बाग.

"नव्हती," ती म्हणाली. "बाक रिकामा होता. नाही, रिकामा नाही. एक म्हातारा पेपर वाचत बसला होता."

"उठून कामाला गेली असेल."

"असेल. जाताना सकाळची वेळ होती."

"गेलीच असेल," थोरली म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.